आबांना वर्षात दुसऱ्यांदा न्यूमोनिया. बिडीचा आणि जंतूंचा नेमका संबंध काय?

बोरीकाठ | ११ डिसेंबर, रात्री ९:४०

राम राम मंडळी.

आमचे आबा, वय ६३. अमळनेर तालुक्यात कोरडवाहू कापूस. बिडी पंधराव्या वर्षापासून, दिवसाला एक बंडल, वेचणीच्या दिवसांत दीड. गेल्या मार्चात त्यांना न्यूमोनिया झाला, आठ दिवस धुळ्याला दवाखान्यात काढले. आता पुन्हा तेच. हुडहुडी भरून ताप, उजव्या कुशीत सुई टोचल्यासारखी कळ, बेडका विटकरी रंगाचा. आज सहावा दिवस. ताप उतरलाय, ऑक्सिजनची नळी काल काढली. तेव्हा जीव भांड्यात पडलाय, काळजी नसावी.

पण काल राऊंडला आलेले डॉक्टर म्हणाले, "औषधानं जंतू मरतील हो, पण तुमच्या वडिलांच्या छातीला राखण उरलेली नाही." एवढं बोलून ते पुढच्या खाटेकडे गेले. राखण हा शब्द मला कळतो, आमची तीन एकर केळी रानडुकरांनी लोळवलेली मी पाहिलीय. पण छातीची राखण म्हणजे काय? बिडीमुळे कॅन्सर होतो, दम लागतो, हे पाकिटावर चित्रासकट छापलेलं असतं. न्यूमोनिया तर जंतूंमुळे होतो ना? मग त्यात बिडीचा काय हात?

आबांचं म्हणणं वेगळंच. "बिडी वढी का कफ सुटस. मनी छाती शे, माले ठाऊक शे." आणि त्यांच्याकडे पुरावाही आहे. मार्चात घरी आल्यावर वीस दिवस बिडी बंद होती, तर खोकला कमी व्हायच्या ऐवजी वाढला. परत सुरू केली, खोकला बसला. आता यावर मी काय बोलणार?

शिवाय आमचे मेहुणे रिपोर्ट बघून म्हणाले, पांढऱ्या पेशी वाढल्यात, म्हणजे प्रतिकारशक्ती चांगली आहे. खरं का?

जाणकारांनी जरा उलगडून सांगा. मी कापसाच्या जिनिंग कारखान्यात हिशेब लिहितो, विज्ञान दहावीनंतर सुटलं.

---

खापरावरची_पोळी | ११ डिसेंबर, रात्री १०:०५

आबांना लवकर आराम पडो. वाचतेय.

---

जिभाऊ_शिरपूर | ११ डिसेंबर, रात्री १०:३१

मन्हा आजला पंच्यांशी वरीस जगना. रोज दोन बंडल. कधी दवाखानानी पायरी चढना नही. ह्या डॉक्टर लोकेस्ले बिडी दिसनी का समदं तिन्हावर ढकली देतस. थंडी पडी राह्यनी, म्हातारा मानूसले न्यूमोनिया व्हतस, त्यामा नवल काय?

(हलके घ्या भाऊ. आबांना बरं वाटो.)

---

काचपट्टी | १२ डिसेंबर, सकाळी ७:१५

मी डॉक्टर नाही, हे आधी सांगतो. सतरा वर्षं प्रयोगशाळेत बसून लोकांचे बेडके बघतोय. भिंगाखाली जे दिसतं आणि ते कळायला जेवढं शिकावं लागलं, तेवढंच सांगतो. लांबेल, चहा घेऊन बसा.

माणूस दिवसाला साधारण दहा हजार लिटर हवा आत ओढतो. फडातली, जिनिंगमधली, एसटीतली, जी असेल ती. त्यात जंतू असतातच. वर आणखी, झोपेत घशातली थोडी थुंकी आपल्या नकळत श्वासनळीत उतरते, तुमच्या-माझ्यासकट सगळ्यांची. आणि न्यूमोनियाचा जो मुख्य आरोपी, न्यूमोकोकस, तो कितीतरी धडधाकट माणसांच्या नाकाघशात भाडं न देता राहत असतो. म्हणून 'जंतू आला कुठून' हा प्रश्नच चुकीचा. तो रोजच येतो. मग रोज न्यूमोनिया का होत नाही? तर राखण असते म्हणून.

पहिली राखण तुम्हा जिनिंगवाल्याला लगेच कळेल. माल वाहून नेणारा पट्टा. श्वासनळीपासून खाली बारीक फांद्यांपर्यंत आतून जे अस्तर असतं, त्यातल्या बहुतेक पेशींना प्रत्येकी दोनेकशे सूक्ष्म केस असतात. शाळेच्या पुस्तकात रोमक म्हणत, डॉक्टर सिलिया म्हणतात. हे केस सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलतात आणि सगळे एकाच दिशेला, वर. वाऱ्यावर उभी ज्वारी लहरते ना, तसे. त्यांच्या डोक्यावर चिकट कफाचा पातळ थर. धूळ, सरकीची लव, जंतू त्याला चिकटतात आणि हळूहळू घशापर्यंत येतात. आपण ते गिळून टाकतो, पोटातलं आम्ल बाकीचं बघून घेतं. दिवसरात्र हे चालू असतं आणि निरोगी माणसाला पत्ताही नसतो.

धुरातले हायड्रोजन सायनाइड, अॅक्रोलीन वगैरे वायू या केसांवरच बसतात. सुरुवातीला केस मंदावतात. वर्षानुवर्षं मारा चालला की आखूड होतात, मग केसवाल्या पेशी जाऊन त्या जागी कातडीसारख्या चपट्या, बिनकेसांच्या पेशी येतात. इकडे कफ बनवणाऱ्या पेशी वाढतात. अस्तरातून मीठ-पाणी सोडणारी जी बारीक दारं असतात, तीही धुराने मंद होतात, मग कफ घट्ट. म्हणजे पट्टा बंद आणि वरून मालाची आवक दुप्पट. तुमच्याकडे असं झालं तर मुकादम काय करील? आरडाओरडा. छातीत तो आरडाओरडा म्हणजे खोकला. पट्टा बंद पडल्यावर माल हलवायचा तेवढा एकच मार्ग उरतो. आबांचा सकाळचा खोकला तो हाच.

दुसरी राखण पार टोकाला. फुप्फुसाच्या शेवटी हवेच्या बारीक पिशव्या, वायुकोश, जवळपास ४८ कोटी. तिथे पट्टा पोचत नाही. तिथे फिरस्ते राखणदार असतात, मॅक्रोफेज. भक्षक पेशी म्हणा. दिसेल तो जंतू, दिसेल तो कण गिळायचा आणि आतल्या आत जिरवायचा. पेशी असं गिळतात हे मेचनिकॉव्ह नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने १८८२ मध्ये तारामाशाच्या पारदर्शक पिल्लाला काटा टोचून पाहिलं होतं. पुढे १९०८ मध्ये त्याला नोबेल मिळालं.

आता मेहुण्यांच्या मुद्द्यावर येतो. ओढणाऱ्याच्या फुप्फुसात हे मॅक्रोफेज कमी नसतात, उलट न ओढणाऱ्यापेक्षा कितीतरी पट जास्त असतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशीही ओढणाऱ्याच्या एरवीसुद्धा थोड्या चढ्याच असतात, न्यूमोनियात आणखी वाढतात. पण आकड्यावर जाऊ नका. मी ते रोज बघतो. बेडका खरोखर खोलातून आलेला असेल तर भिंगाखालच्या काचेच्या पट्टीवर मॅक्रोफेज दिसतात, आणि बिडीवाल्याचे लांबूनच ओळखू येतात. पोटात तपकिरी-काळे कण ठासून भरलेले. फुप्फुस आतून धुऊन काढलेल्या अशा पेशींना प्रयोगशाळेत जंतू खायला घालून पाहिलेत. ओढणाऱ्यांच्या, आणि विशेषतः सीओपीडी, म्हणजे धुराने होणारा कायमच्या दम्यासारखा आजार, झालेल्यांच्या पेशी जंतू कमी गिळतात. मेलेल्या पेशी उचलायचं कामही रेंगाळतं. राखणदार दहा, पण दहाही जण डांबर जेवून बांधावर आडवे.

तिसरी गोष्ट सगळ्यात वाईट. राखणदाराने काम केलं नाही की तो हाका मारतो आणि रक्तातून न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी धावून येतात. यांच्याकडे इलास्टेज नावाची कात्री असते, जंतू कापायला. ही कात्री आवरणारं एक प्रथिन शरीरातच असतं, पण धूर ते प्रथिनच निकामी करतो. मग मोकाट कात्री फुप्फुसाच्या लवचीक भिंती कापते, आणि जंतूवर खूण करायला आलेल्या प्रतिपिंडांनाही कापते. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात ते हेच. भिंती गेल्या की वायुकोश एकमेकांत मिसळून मोठे पोकळ फुगे होतात. आबांना चढावर धाप लागत असेल तर थोडं हेही असणार.

आणखी एक छोटीशी. न्यूमोकोकसला आत शिरायचं तर पेशीच्या अंगाला कुठेतरी धरावं लागतं. धुरामुळे पेशींवर नेमकी ती धरायची खुंटी जास्त उगवते. आपणच चोराला शिडी लावून दिली.

अँटिबायोटिक जंतू मारतं. राडा उचलणं, उरलेसुरले शोधणं, पुढचे अडवणं हे त्याचं काम नाही. ते या राखणीचं. डॉक्टर एका वाक्यात हेच बोलून गेले.

---

खापरावरची_पोळी | १२ डिसेंबर, सकाळी ८:०२

वाचनखूण साठवली. 'डांबर जेवून बांधावर आडवे' हे नवऱ्याला वाचून दाखवलं. तो उठून बाहेर गेला. बहुतेक ओढायलाच.

---

बोरीकाठ | १२ डिसेंबर, दुपारी १:२०

काचपट्टीदादा, दंडवत. पट्ट्याचं आबांना सांगितलं तर ऐकत होते. पण मग लगेच, "आते सांग, सोडी तव्हय खोकला कसाले वाढना?" वीस दिवसांचं काय?

---

काचपट्टी | १२ डिसेंबर, दुपारी २:४८

तेच तर उत्तर आहे. धूर थांबला की केस पुन्हा हलायला लागतात, काही दिवसांत नाही तरी काही आठवड्यांत. बंद गोदाम उघडून झाडायला घेतलं की पहिल्या दिवशी नाकातोंडात धूळ जास्त जाते. गोदाम बंद होतं तेव्हा नव्हती का? होती, पण बसलेली. खोकला वाढला म्हणजे पट्टा सुरू झाला होता. आबांनी नेमका तेव्हा तो परत बंद पाडला. खोकला 'बसला' म्हणतात ना, तसा खरंच बसला. माल आत, आवाज बंद.

सगळ्यांचाच खोकला वाढतो असं नाही, पण पुष्कळांचा वाढतो, आणि बहुतेक जण तिथेच माघार घेतात. कोणी आधी सांगितलेलं नसतं.

बिडीने कफ सुटल्यासारखा वाटतो तेही खोटं नाही. धूर टोचतो, उबळ येते, एक बेडका पडतो. पण तो एक काढायला दोन नवे घातलेले असतात.

---

जिभाऊ_शिरपूर | १२ डिसेंबर, दुपारी ३:३०

समदं बराबर. पन सिगारेटमा कागद ऱ्हास, केमिकल ऱ्हास. बिडी तं पानानी शे. आम्हना सातपुडामा तेंदूनं पान तोडतस, उन्हायामा आदिवासी भाऊ बंदेस्ना त्यावरच पोट शे. झाडनं पान काय करी?

---

रात्रपाळी | १३ डिसेंबर, पहाटे ३:१०

छातीच्या वॉर्डात निवासी डॉक्टर आहे. आत्ता पाच मिनिटं मोकळी मिळाली. काचपट्टी यांनी सांगितलंय ते जवळपास सगळं बरोबर, मी फक्त जोडतो.

जिभाऊ, पानाचंच घ्या. तेंदूच्या पानातून हवा कागदापेक्षा कमी आत शिरते, म्हणून बिडी विझते. पेटती ठेवायला माणूस वारंवार आणि खोल झुरके घेतो. तंबाखू कमी असूनही ग्रॅमामागे निकोटिन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा जास्त मिळतो, आणि फिल्टर नाहीच. २००८ मध्ये भारतभरातल्या मृत्यूंचा एक मोठा अभ्यास छापून आला. त्यात बिडी ओढणाऱ्या पुरुषांचं आयुष्य सरासरी सहा वर्षांनी आणि ओढणाऱ्या बायकांचं आठ वर्षांनी कमी निघालं. सिगारेटवाल्या पुरुषांचं दहा. तेव्हा सिगारेट काही साधू नाही, पण बिडीही तुळशीचं पान नाही. तुमच्या आजोबांचं म्हणाल, तर असे एखाद-दुसरे असतातच. वॉर्डात आलेले मात्र 'माझा आजा जगला' सांगायला फार दिवस येत नाहीत.

न्यूमोकोकसबद्दल. अॅटलांटा, बाल्टिमोर आणि टोरांटो इथे १८ ते ६४ वयाच्या, एरवी प्रतिकारशक्ती ठीक असलेल्या रुग्णांवर झालेला अभ्यास २००० मध्ये आला. हा जंतू थेट रक्तात किंवा मेंदूच्या पाण्यात शिरलेले २२८ रुग्ण. त्यातले ५८ टक्के ओढणारे. तुलनेला घेतलेल्या निरोगी लोकांत २४ टक्के. बाकीची कारणं वजा करूनही ओढणाऱ्यांचा धोका चौपट निघाला. स्वतः न ओढता दुसऱ्याचा धूर घेणाऱ्यांचा अडीचपट. जितकं जास्त ओढणं तितका जास्त धोका, आणि सोडून जितका काळ गेला तितका कमी. आबांच्या वयातसुद्धा तो कमी होतो, हे त्यांना मुद्दाम सांगा. गेलेल्या भिंती परत येत नाहीत, राखण मात्र बरीचशी येते.

दुसरं म्हणजे क्षय, टीबी. आपल्या भागात हे बोलल्याशिवाय हा धागा अपुरा. क्षयाचा जंतू मॅक्रोफेजला घाबरत नाही, तो त्याच्याच पोटात घर करून राहतो. राखणदार निरोगी असेल तर त्याला आत कोंडून धरतो. डांबराने सुस्तावलेला असेल तर कोंडाळं फुटतं. तामिळनाडूत ४३,००० पुरुषांच्या मृत्यूंचा अभ्यास झाला, २००३ मध्ये आला. ओढणाऱ्यांत क्षयाने मरण्याचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या चौपटीहून जास्त. भारतातल्या पुरुषांचे निम्मे क्षयमृत्यू ओढण्याच्या खात्यावर जातात असं त्यांनी मांडलं. मला तरी कॅन्सरच्या चित्रापेक्षा हा आकडा जास्त हलवतो. कॅन्सर एकट्याला होतो. क्षय खोकल्यातून नातवापर्यंत जातो.

बोरीकाठ, तुमच्यासाठी कामाचं. एक, दोन्ही वेळचे छातीचे फोटो शेजारी ठेवून डॉक्टरांना विचारा, न्यूमोनिया एकाच जागी होता का. तुम्ही दोन्ही वेळा उजवी बाजू लिहिली नाहीये, पण असेल तर ते महत्त्वाचं. तिथे नळी कशाने तरी अडलीय का हे पाहावं लागतं. दोन, पन्नाशीपुढच्या ओढणाऱ्याचा फोटो सहा आठवड्यांनी परत काढायचाच, बरं वाटत असलं तरी. न्यूमोनियाच्या सावलीमागे कधी कधी गाठ लपलेली असते. तीन, बेडका क्षयासाठी तपासून घ्या, सरकारी दवाखान्यात फुकट होतो. चार, न्यूमोकोकसची लस आणि दरवर्षी फ्लूची. फ्लू आधी अस्तर सोलून काढतो, मागून जंतू शिरतात. लहान मुलांना न्यूमोकोकसची लस आता सरकारी लसीकरणातच मिळते, मोठ्यांना पदरचे पैसे घालावे लागतात.

आणि एक लक्षात ठेवा. म्हाताऱ्या माणसाला न्यूमोनियात ताप येईलच असं नाही. नुसता बरळायला लागला, जेवण सोडलं, श्वास मिनिटाला तीसच्या वर गेला, ओठ निळसर दिसले, तर सकाळची वाट बघू नका. बेल वाजली, जातो.

---

माहेर_चोपडा | १३ डिसेंबर, सकाळी ११:२५

दुसऱ्याच्या धुराचं वाचून लिहावंसं वाटलं. आमच्या घरी सासरे ओसरीवर ओढायचे, आम्ही म्हणायचो बाहेर आहेत ना, चालतं. माझ्या मुलाचा कान वर्षातून चार वेळा फुटायचा, छाती सदा भरलेली. कानाच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, घरात कोण ओढतं? मला तेव्हा राग आला होता. कानाचा आणि बिडीचा काय संबंध? आज वरचं वाचून कळतंय. नाकाच्या मागून कानाकडे जाणाऱ्या नळीलाही तेच केसवालं अस्तर असणार ना?

आणि बायकांचं कोणी बोलत नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा पावसाळाभर ओल्या पऱ्हाट्या, म्हणजे कापसाच्या काड्या, चुलीत घालून भाकरी केल्यात. डोळे लाल, सासूबाईंना बारमाही खोकला. त्यांनी जन्मात बिडी ओढली नाही. त्यांचा पट्टा कोणी बंद पाडला?

---

काचपट्टी | १३ डिसेंबर, दुपारी १२:१०

ताई, नळीचं अगदी बरोबर, तेच अस्तर. ओढणाऱ्यांच्या घरातल्या मुलांना कानाची दुखणी आणि छातीचे आजार जास्त होतात.

सासूबाईंचा पट्टा चुलीने. पेशीला धूर तंबाखूचा की पऱ्हाटीचा हे कळत नाही. माझ्याकडे कधीच न ओढलेल्या म्हाताऱ्यांचे नमुने येतात, त्यांचेही मॅक्रोफेज काळे असतात. फॉर्मवर 'व्यसन: नाही' लिहिलेलं असतं. खालच्या रकान्यात चूल विचारायला जागा नसते.

---

लोको_शेड | १३ डिसेंबर, रात्री ८:५०

भुसावळला रेल्वेत ३४ वर्षं काढली, आता निवृत्त. सिगारेट २६ वर्षं ओढली, सोडून नऊ झाली. बोरीकाठ, आबांना उपदेश करू नका, त्याने काही होत नाही. माझी बायको रोज करायची, मी रोज गच्चीवर जायचो.

माझ्या कामी आलेलं सांगतो. पहिले तीन-चार दिवस सगळ्यात वाईट, ते ठरवून दवाखान्यातच निघाले तर उत्तम. तुमचे आबा आत्ता तिथेच आहेत, सहा दिवस तसेच निघालेत. ही संधी फुकट घालवू नका. घरी येण्याआधी बंडल, माचिस, कोनाड्यातली थोटकं, सगळं काढून टाका. तलफ येते ती पाचेक मिनिटांची असते, तेवढ्यात हाताला आणि तोंडाला काहीतरी लागतं. मी भुईमुगाच्या शेंगा फोडायचो. वजन वाढलं, वाढू दे. १८००-११-२३५६ हा सरकारी फुकट नंबर आहे, मराठीतही बोलतात. डॉक्टरांना निकोटिनच्या च्युइंगमबद्दल विचारा, मला त्याने फार हात दिला.

एकच धोका. बिडी सोडून तंबाखू चोळायला लागतील. आपल्या महाराष्ट्रात ओढणाऱ्यांपेक्षा खाणारे कितीतरी जास्त आहेत, २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत ओढणारे चार टक्क्यांच्या आत आणि खाणारे चोवीसच्या पुढे होते. छाती वाचवली आणि जबडा घालवला, असं माझ्या दोन दोस्तांचं झालं.

---

जिभाऊ_शिरपूर | १३ डिसेंबर, रात्री ९:१५

मंग भरीतनं काय? पऱ्हाट्यास्वर वांगा भाजतस तो धूर चालस का? का तेबी बंद?

---

काचपट्टी | १३ डिसेंबर, रात्री ९:२२

जिभाऊ, आता तुम्ही दुखऱ्या जागी हात घातला. धूर तो धूरच. पण हिवाळ्यातून चार वेळा, उघड्या शेतात, वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसून वांगी भाजणं वेगळं, आणि दिवसाला पंचवीस वेळा तोच धूर ओठाला लावून फुप्फुसाच्या तळापर्यंत ओढणं वेगळं. भरीत बंद करा म्हणणारा मी नाही. बामणोदची वांगी असतील तर कळवा.

---

बोरीकाठ | २ फेब्रुवारी, रात्री १०:१२

मंडळी, उशीर झाला, कापसाचा हंगाम होता.

आबा १६ डिसेंबरला घरी आले. रात्रपाळी डॉक्टर, तुमचं ऐकून दोन्ही फोटो शेजारी ठेवायला लावले. दोन्ही वेळा उजवीकडे खाली. मग छातीचा सीटी स्कॅन झाला, ते चार दिवस घरात कोणाला जेवण गेलं नाही. गाठ नाही. वरच्या भागात भिंती गेल्यात, काचपट्टीदादांनी सांगितलेले ते पोकळ फुगे आहेत. क्षयाची तपासणी दोनदा, दोन्ही वेळा नाही. सहा आठवड्यांचा फोटो परवा झाला, सावली गेलीय. न्यूमोकोकसची लस दिली. श्वासाने ओढायचा औषधाचा पंप सुरू केलाय, 'सवय लागेल' म्हणून आधी दोन आठवडे हात लावला नव्हता.

बिडी. खरं सांगतो, पूर्ण नाही सुटली. अठ्ठावीस दिवस एकही नाही. मग भावकीत एकांच्या दशक्रिया विधीला नदीवर गेले, तिथे सगळे बसलेले, कोणी पुढे केली. दोन ओढल्या. घरी येऊन स्वतःच सांगितलं, आईने तोंड फिरवलं, मी काही बोललो नाही. लोकोदादांचं लक्षात होतं. दुसऱ्या दिवसापासून परत बंद, आज एकोणिसावा.

खोकला यावेळीही वाढला, दुसऱ्या आठवड्यात. रात्री दोन-दोन वाजता उठून बसायचे. पण यावेळी रागावले नाहीत. उंबऱ्यावर बसून खोकायचे आणि मला म्हणायचे, "पट्टा चालू व्हयना रे." आता सकाळी एकदाच येतो, बेडका पांढरा.

त्यांचा एक प्रश्न आहे, काचपट्टीदादांसाठीच. ते काळं पोट झालेले राखणदार कधी जातात?

---

काचपट्टी | ३ फेब्रुवारी, सकाळी ६:५५

एकोणीस दिवस! आबांना माझा रामराम सांगा.

ते हळूहळू जातात. काही पट्ट्यावर चढून कफातून बाहेर पडतात, काही मरतात आणि त्यांचे कण पुढचा राखणदार गिळतो. म्हणून सोडल्यावर वर्षानंतरही मला पट्टीवर अधूनमधून काळी पेशी दिसते. पण तिच्या शेजारी स्वच्छ पोटाच्याही दिसायला लागतात. आबांचा पुढच्या हिवाळ्यात कधी बेडका तपासायला द्यायची वेळ आलीच, तर सकाळचा पहिला द्या, चूळ भरून, खोलातून काढलेला. नुसती थुंकी आली तर मला काहीच दिसणार नाही.

---

जिभाऊ_शिरपूर | ३ फेब्रुवारी, दुपारी १:४०

मी काय बिडी सोडाव नही भो, आते या वयमा. पन घरमा पिनं बंद करं. नातू तठे झोपस.

बामणोदना वांगा आनेल शेतस. ऐतवारले या.